गॅसच्या बोटीवर थंडी सांभाळताना

घरचा सिलिंडर गळला तर वासावरून कळतं. तो वास गॅसचा नसतो, गळती लक्षात यावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा असतो. एलएनजीच्या, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूच्या बोटीवर पावणेदोन लाख घनमीटर माल भरलेला असला तरी त्याला ना वास ना रंग. पहिल्यांदा गॅसवर येणारी मुलं त्यामुळे सदानकदा आगीच्या धास्तीत असतात. धास्ती असावीच, पण टाकीच्या आत हवाच नसते, आणि मिथेन, म्हणजे या मालातला मुख्य वायू, हवेत ५ ते १५ टक्के या पट्ट्यात असेल तरच पेटतो. रोजची झटापट आगीशी नसते, उष्णतेशी असते. आत वजा १६२ अंश सेल्सिअसला उकळणारा द्रव, बाहेर अरबी समुद्राचं ३० अंशांचं पाणी, आणि मधे दीड-दोन वीत जाडीचं इन्सुलेशन. बाकी पंप, कॉम्प्रेसर, नायट्रोजन, अलार्म ही सगळी त्या थंडीची उसाभर.

गोल घुमटांच्या बोटी फोटोत ओळखू येतात, त्या मॉस पद्धतीच्या. त्यातल्या अॅल्युमिनियमच्या गोल टाक्या स्वतःच्या बळावर उभ्या असतात. आज बहुसंख्य बोटी मेंब्रेनच्या आहेत आणि पुढचं सगळं त्यांच्याबद्दल आहे. मेंब्रेन म्हणजे टाकी नव्हेच, अस्तर. मार्क थ्री पद्धतीत ते १.२ मिलिमीटर स्टेनलेस स्टीलचं असतं आणि थंडीने आखडायला जागा राहावी म्हणून त्यावर उभ्या-आडव्या वळ्या पाडलेल्या असतात. एनओ ९६ या दुसऱ्या पद्धतीत ३६ टक्के निकेलचं इन्व्हार नावाचं पोलाद वापरतात. ते थंडीत जवळपास आखडतच नाही, म्हणून सपाट, आणि जाडी फक्त ०.७ मिलिमीटर, म्हणजे जेवणाच्या स्टीलच्या ताटाइतकी. मालाचं वजन हा पत्रा पेलत नाही, ते इन्सुलेशनमधून बोटीच्या दुहेरी हलवर, म्हणजे बाहेरच्या कवचावर जातं. त्यामुळे आतून येणारा दाब मेंब्रेनला चालतो, पण मागून आलेला दाब त्याला सोसत नाही, पत्रा फुगून सुटतो. पत्र्यामागे इन्सुलेशनच्या दोन थरांच्या दोन पोकळ्या असतात, त्यांत नायट्रोजन भरलेला असतो आणि त्याचा दाब काही मिलिबारच्या हिशेबात सांभाळला जातो. कार्गो कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर कोपऱ्यात बसलेले हे आकडे नवा माणूस बघतच नाही. खरं तर वॉच घेताना पहिली नजर तिथे जायला हवी.

ड्राय डॉकमधून, म्हणजे दुरुस्तीच्या कोरड्या गोदीतून निघालेल्या बोटीच्या टाक्यांत साधी हवा असते. तिथून पहिला माल भरेपर्यंतचा प्रवास हे गॅसच्या कामाचं खरं शिक्षण आहे, आणि तो बघायला मिळणं नशिबाचा भाग, कारण ड्राय डॉक साधारण पाच वर्षांनी येतो. आधी टाकी कोरडी करायची. दमट हवा राहिली तर पुढे बर्फ होणार आणि तो स्प्रेच्या नोझलमध्ये आणि पंपाच्या गाळणीत जाऊन बसणार. मग इनर्ट गॅस, म्हणजे आगीला साथ न देणारा वायू. जहाजावरच्या जनरेटरमध्ये डिझेल जाळून, धुऊन, थंड करून, सुकवून हा गॅस तयार होतो. ऑक्सिजन १ टक्क्याच्या आत, दवबिंदू वजा ४५ च्या खाली. कोरडी हवा आणि इनर्ट गॅस दोन्ही लिक्विड लाइनमधून टाकीच्या तळाशी सोडतात आणि आतली हवा वरून काढतात.

इथे एक मेख आहे. या इनर्ट गॅसमध्ये १४-१५ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो आणि तो वजा ७८ ला गोठतो. अशा टाकीत थेट एलएनजी फवारला तर आत पांढरी भुकटी पडेल आणि नोझल, गाळण्या, पंप सगळं चोंदेल. म्हणून मधे गॅसिंग अप. टर्मिनलकडून थोडा एलएनजी घ्यायचा, मेन व्हेपोरायझरमध्ये त्याची वाफ करायची, ती साधारण हवेच्या तापमानाला आणायची आणि टाकीत वरून सोडायची. कोमट मिथेन हलका, म्हणून तो वर थर करून बसतो आणि जड इनर्ट गॅस तळातून बाहेर ढकलला जातो. घाई केली, वाफ जोरात सोडली, की थर मोडतो, दोन्ही मिसळतात आणि मग तासन्‌तास नुसतं पातळ करत बसावं लागतं. पोर्टेबल मीटरवर कार्बन डायऑक्साइड १ टक्क्याच्या खाली दिसेपर्यंत पुढे जायचं नाही. हे रीडिंग टाकीच्या तीन उंचींवर घ्यायचं. वरच्या नळीवर १०० टक्के मिथेन दिसला म्हणून खूश होणारे बरेच असतात, पण खरं उत्तर तळाच्या नळीत असतं. सुकवणं, इनर्टिंग आणि गॅसिंग अप या तिन्ही टप्प्यांना प्रत्येकी वीस तासांच्या घरात वेळ जातो. बोटीच्या आकारानुसार कमी-जास्त.

मग कूलडाउन. टाकीच्या छताजवळच्या स्प्रे नोझलमधून एलएनजीचा बारीक फवारा सोडतात. थेंब तळाला पोहोचायच्या आधीच त्याची वाफ होते, आणि ती होताना टाकीतली उष्णता घेऊन जाते. निघालेली वाफ हाय ड्यूटी कॉम्प्रेसरने किनाऱ्यावर पाठवायची. मेंब्रेनच्या बोटींवर टाकीतल्या सेन्सरची सरासरी, सगळ्यात वरचा सोडून, वजा १३० च्या खाली गेली की टाकी भरायला तयार. याला साधारण दहा-बारा तास लागतात. या काळात दोन गोष्टींवर डोळा ठेवायचा. एक, टाकीचा दाब. फवारा वाढवला की वाफ वाढते, आणि कॉम्प्रेसरला ती झेपली नाही तर दाब रिलीफ व्हॉल्व्हच्या दिशेने चढतो. दुसरी गोष्ट उलटी आहे आणि म्हणून निसटते. मेंब्रेन थंड होताना मागच्या पोकळीतला नायट्रोजनही थंड होतो, आखडतो आणि तिथला दाब पडत जातो. दोन्ही नायट्रोजन जनरेटर चालू ठेवूनही ते पुरे पडेनात तर फवारा कमी करायचा. नायट्रोजनला गाठता येईल इतकाच कूलडाउनचा वेग. किनाऱ्यावरचा माणूस फोनवर कितीही घाई करो.

धातूचं आखडणं डोळ्यांनी बघायचं असेल तर डेकवर जावं. स्टेनलेस स्टीलचा १०० मीटर पाइप सभोवतालच्या तापमानापासून वजा १६० पर्यंत गेला की जवळपास ३० सेंटीमीटर आखूड होतो. म्हणूनच लाइनमध्ये ठिकठिकाणी वळसे आणि बेलोज असतात आणि सपोर्टवर पाइप सरकता ठेवलेला असतो. टाकीतला पंप टॉवर छतापासून टांगलेला असतो आणि तळाशी फक्त गाइडमध्ये अडवलेला असतो. २५ मीटरचा टॉवर सात सेंटीमीटर वर ओढला जातो. त्याला तळाशी पक्का बांधला असता तर मेंब्रेन उपटून आला असता. लाइन थंड करताना द्रव एकदम सोडला तर तो पाइपच्या तळाशी वाहतो, तळ आखडतो, माथा गरमच राहतो आणि पाइप कमानीसारखा वर उचलला जातो. सपोर्टवरून उठलेला पाइप दिसला की समजावं, कुणीतरी व्हॉल्व्ह जास्त उघडलाय. अशा वेळी फ्लँज, म्हणजे पाइपच्या सांध्याची कडी, एका बाजूने उघडतो आणि गळतीही तिथूनच सुरू होते. वर-खाली दोन्ही सेन्सर बघत, आधी वाफ आणि मग धारेने द्रव, असं करायचं.

मॅनिफोल्डवर, म्हणजे किनाऱ्याचे पाइप बोटीला जोडतात तिथे, गळती झाली तर? एलएनजी साध्या जहाजी स्टीलवर पडला की स्टील काचेसारखं ठिसूळ होतं आणि तडकतं. म्हणून मॅनिफोल्डखाली स्टेनलेसचा ट्रे असतो, आणि त्याखालून बोटीच्या कडेवरून समुद्राच्या पाण्याचा पडदा अखंड वाहता ठेवतात. सांडलेला द्रव हलला चिकटायच्या आत पाणी त्याला गरम करून वाहून नेतं. काम चालू असताना हा पडदा मधेच तुटला, पंपाचा दाब कमी झाला, तर ते किरकोळ समजायचं नाही.

बंदरात बांधल्यावर मॅनिफोल्डवर पाच तोंडं असतात, दोन लिक्विड, मधे व्हेपर, पुन्हा दोन लिक्विड. बहुतेक टर्मिनलवर तीन लिक्विड आर्म आणि एक व्हेपर आर्म जोडतात. आर्म म्हणजे किनाऱ्यावरून येणारा, सांध्यांत वळणारा पाइप. जोडण्याआधी फ्लँजचा पृष्ठभाग बोटाने फिरवून बघायचा, ओरखडा असेल तर तिथेच थांबायचं. गाळणी बसली आहे का हेही तेव्हाच बघायचं. आर्म जोडला की नायट्रोजनने दाब द्यायचा आणि साबणाच्या पाण्याने सांधा तपासायचा. बुडबुडा आला तर सोडून पुन्हा. मग ऑक्सिजन १ टक्क्याच्या खाली येईपर्यंत नायट्रोजनने आर्म धुवायचा. त्यानंतर ईएसडीची, म्हणजे आणीबाणीत सगळं बंद करणाऱ्या यंत्रणेची, कोरडी चाचणी. बोट आणि किनारा यांच्यात ऑप्टिकल फायबर किंवा इलेक्ट्रिक केबलने संकेत जोडलेला असतो. एका बाजूचं बटण दाबलं की दोन्हीकडचे पंप थांबतात आणि व्हॉल्व्ह बंद होतात. व्हॉल्व्ह ३० सेकंदांत बंद व्हायला हवेत हे सगळ्यांना पाठ असतं. फार पटकनही होऊ नयेत हे मात्र कमी जणांच्या लक्षात असतं. तासाला हजारो घनमीटर वाहणारा द्रव एकदम अडवला की दाबाची लाट उठते आणि ती आर्मपर्यंत जाऊन आदळते. म्हणून चाचणीत प्रत्येक व्हॉल्व्हचे सेकंद लिहून ठेवायचे, नुसतं ओके लिहून भागत नाही.

मग आर्म थंड करणं, ज्याला तास-दीड तास लागतो. आर्मवर पांढऱ्या हिमाची कड हळूहळू वर चढत जाते, ती बघून अनुभवी बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, सांगतो किती झालं. सांध्यातून थेंब दिसला आणि थांबला नाही तर काम थांबवायचं, दाब काढायचा, गरम होऊ द्यायचं, गॅस्केट बदलायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. वेळ जातो, टर्मिनल कुरकुरतं, जाऊ दे. सांध्याभोवती जो पांढरा ढग दिसतो तो गॅस नसतो, हवेतल्या दमटपणाचं धुकं असतं. कोकण किनाऱ्यासारख्या दमट हवेत गॅस साधारण त्या ढगाच्या आतच असतो, पण कोरड्या हवेत तो ढगाच्या बाहेरही असू शकतो. ढग दिसत नाही म्हणजे गॅस नाही, हे गृहीत धरू नका. शिवाय गळलेला मिथेन थंड असताना, वजा ११० च्या खाली, हवेपेक्षा जड असतो आणि डेकवर लोळतो. गरम झाल्यावरच वर जातो.

आर्म थंड झाले की ईएसडीची दुसरी चाचणी, कारण गरम असताना चाललेला व्हॉल्व्ह थंडीत अडकू शकतो. त्यानंतर लोडिंग. दर टप्प्याटप्प्याने वाढवत तासाला १०-१२ हजार घनमीटरपर्यंत नेतात. एलएनजी आत येतो तशी आतली वाफ कॉम्प्रेसरने किनाऱ्याला परत जाते आणि त्याच वेळी बॅलास्ट, म्हणजे तोलासाठी घेतलेलं पाणी, बाहेर पडत असतो. शेवटचा तास जोखमीचा. टाक्या एकाच वेळी ९८ टक्क्यांवर आल्या तर चौघींवर एकदम लक्ष ठेवता येत नाही. म्हणून चीफ ऑफिसर आधीपासून टाक्यांमध्ये दीड-दोन टक्क्यांचं अंतर राखतो आणि एकेक बंद करतो. मर्यादा सहसा ९८.५ टक्के, त्यापुढे पातळीचा स्वतंत्र अलार्म, आणि ९९ च्या जवळ ईएसडी आपोआप सुटतो.

मोजमाप हा वेगळाच विषय आहे आणि त्यावर पैशाचा खेळ असतो. माल विकला जातो तो टनावर किंवा घनमीटरवर नव्हे, उष्णतेवर, एमएमबीटीयूमध्ये, म्हणजे दशलक्ष ब्रिटिश थर्मल युनिटमध्ये. एक घनमीटर एलएनजीत मालाच्या मिश्रणानुसार साधारण २३ एमएमबीटीयू असतात. मधल्या उंचीवर एका मोठ्या टाकीचं क्षेत्रफळ दीड हजार चौरस मीटरच्या पुढे धरलं तर पातळीतला एक मिलिमीटर म्हणजे दीड घनमीटर, म्हणजे पस्तीसेक एमएमबीटीयू. भाव १० डॉलर असला तर एका मिलिमीटरला ३५० डॉलर. म्हणून रडार गेज ठरावीक अंतराने पाच वेळा वाचून सरासरी घेतात, ट्रिम आणि लिस्टची, म्हणजे बोटीच्या पुढे-मागे आणि आडव्या कलाची, दुरुस्ती लावतात, तापमान आणि दाबही टिपतात. मोजणीच्या वेळी बोट एकसमान तोलावर ठेवणं हे चीफ ऑफिसरचं काम. तेव्हा बॅलास्ट हलवायचा नाही, लाइनचे व्हॉल्व्ह बंद, सर्व्हेयर शेजारी उभा. मोजणी चालू असताना इंजिन गॅस जाळत असेल तर त्याची नोंद दोन्ही बाजूंनी आधीच ठरवून घ्यावी, नाहीतर नंतर वाद.

सुटल्यावर समुद्रात दुसरा हिशेब सुरू होतो. इन्सुलेशन कितीही चांगलं असो, थोडा माल उकळतच राहतो. १,७४,००० घनमीटरच्या नव्या बोटीवर रोज ०.०८५ टक्के धरले तरी ते दीडशे घनमीटर होतं, म्हणजे ६५ टनांच्या आसपास. ही वाफ लो ड्यूटी कॉम्प्रेसरने इंजिनला जाते आणि तिच्यावरच बोट चालते. जुन्या स्टीम टर्बाइनच्या बोटीत ती बॉयलरमध्ये जळायची. वेग मंद ठेवला तर इंजिन वाफ पूर्ण खात नाही, दाब चढतो, आणि उरलेली वाफ ‘गॅस कम्बशन युनिट’ नावाच्या भट्टीत जाळावी लागते किंवा रिलिक्विफॅक्शनचं यंत्र असेल तर पुन्हा द्रव करून टाकीत सोडावी लागते. क्यू-मॅक्स वर्गाच्या, २,६६,००० घनमीटरच्या कतारी बोटींवर सुरुवातीपासूनच असं यंत्र बसवलेलं आहे, त्यांची इंजिनं जड तेलावर चालतील अशीच बनवली होती.

कतारच्या रास लफानहून गुजरातच्या दहेजला येणारा मार्ग तीन-चार दिवसांचा. दहेजला २००४ पासून गॅस येतोय. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक आठ मीटरच्या वर जातो आणि प्रवाहही जबर असतो. त्यामुळे जेटीवर बांधलेल्या बोटीच्या दोऱ्या सतत सैल-ताठ करत राहावं लागतं. दोऱ्यांकडे दुर्लक्ष झालं आणि बोट जेटीपासून सरकली की आर्मची मर्यादा ओलांडली जाते. पहिल्या टप्प्याला अलार्म, मग ईएसडी, आणि तरीही सरकत राहिली तर दुसऱ्या टप्प्यात आर्म दोन व्हॉल्व्हांच्या मधून आपोआप सुटतो. तो सुटला तर सांडणं अगदी थोडं, पण पुन्हा जोडायला वेळ खूप. आपल्या गुहागर तालुक्यात अंजनवेलजवळच्या दाभोळ टर्मिनलवर २०१३ मध्ये पहिली बोट आली, पण ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारा बांध, अपुरा असल्याने पुढे कित्येक वर्षं पावसाळ्यात ते बंद ठेवावं लागे. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. मोठी लाट फुटत नसली तरी लांब पल्ल्याचा उठाव बोटीला जेटीवर पुढे-मागे ओढत राहतो आणि आर्मला तेच नको असतं.

कागदपत्रांचं थोडक्यात: आधी लिक्विफाइड गॅस टँकरचा बेसिक कोर्स, मग प्रगत. प्रगत प्रमाणपत्रासाठी गॅस टँकरवर तीन महिन्यांची सेवा हवी, किंवा जादा माणूस म्हणून महिनाभर राहून किमान तीन लोडिंग आणि तीन डिस्चार्ज. भारतीय खलाशी-अधिकाऱ्यांना याची मान्यता डीजी शिपिंगकडून, म्हणजे केंद्राच्या नौवहन महासंचालनालयाकडून मिळते. एलपीजीवर काम केलेल्यांना वाटतं, आपल्याला सगळं येतं. एलपीजीच्या बोटी वजा ४८ च्या आसपास थांबतात. वजा १६२ चं वागणं वेगळं, हे पहिल्याच महिन्यात कळतं.

राहता राहिली हील, म्हणजे माल उतरवल्यावर टाकीत मुद्दाम ठेवलेला एलएनजी. रिकामी परत जाताना टाक्या थंड राहाव्यात आणि इंजिनला इंधन मिळावं, दोन्हीसाठी. किती ठेवायचा हे दिवस गुणिले रोजचा खप, अधिक थंड ठेवायला लागणारा फवारा, अधिक पंपाला न उचलता येणारा तळ, असं काढतात. वर वाट बघण्याचे दोन-तीन दिवस धरायचे. ते न धरणं हीच नेहमीची चूक. चार्टररला, म्हणजे बोट भाड्याने घेणाऱ्याला, हील म्हणजे न विकलेला माल वाटतो, म्हणून तो कमी ठेवायला सांगतो. मग लोडिंग बंदराबाहेर चार दिवस नांगर टाकून बसावं लागलं की हील संपते, टाक्या गरम होतात, आणि बर्थवर आधी दहा-बारा तास कूलडाउन करावं लागतं. एवढा वेळ टर्मिनलकडे मोकळा असेलच असं नाही.

त्यातही हील म्हणजे जसाच्या तसा माल नसतो. आधी नायट्रोजन आणि मिथेन उडून जातात, मागे इथेन-प्रोपेन वाढत जातं. जड झालेली वाफ ड्युअल फ्युएल, म्हणजे गॅस आणि तेल दोन्हींवर चालणाऱ्या, इंजिनला मानवत नाही, नॉकिंग होतं, म्हणजे ती अवेळी पेटून इंजिन ठोके देतं. इंजिनसाठी मुद्दाम वाफ करणारा फोर्सिंग व्हेपोरायझर चालवत असाल तर वाफेतले थेंब वेगळे करणाऱ्या मिस्ट सेपरेटरचा निचरा वेळोवेळी टाकीत परत जातोय का ते बघावं. आणि टाकी भरण्यालाही मधला पट्टा वर्ज्य आहे. मेंब्रेनच्या टाकीत पातळी साधारण १० टक्क्यांच्या खाली किंवा ७० टक्क्यांच्या वर असावी, नाहीतर समुद्रात द्रव हिंदकळून कोपऱ्यांवर आपटतो आणि वळ्या चेपतात. माल अर्धवट उतरवून निघायचा हुकूम आला तर आधी ही मर्यादा त्या बोटीच्या लोडिंग मॅन्युअलमध्ये काढून बघा आणि आकडे जोडूनच उत्तर पाठवा. चौथ्या टाकीत ४० टक्के ठेवून बंदर सोडता येत नाही हे चार्टररच्या ऑफिसात बसलेल्या माणसाला माहीत असतंच असं नाही.